एस्प्लनेड ते लालबाजार

एस्प्लनेड हा शब्द मुंबईकराला परका नाही. किल्ल्याच्या तटापुढची जी जमीन मोकळी राखीत, तोफेच्या माऱ्याला अडथळा नको आणि शत्रूला आडोसा नको म्हणून, तिचे हे नाव. मुंबईचा तट एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. मैदाने मात्र उरली आणि किल्ला कोर्टाच्या जोडीला एस्प्लनेड कोर्ट हे नावही लोकांच्या तोंडी राहिले. कलकत्त्यात हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. पलाशीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला, त्यासाठी गोविंदपूर नावाचे नांदते गाव उठविले, भोवतालचे रान तोडले आणि तोफांसाठी विस्तीर्ण मैदान मोकळे केले. त्या मैदानाच्या उत्तर टोकाशी आज जो गजबजलेला चौक आहे, तो कलकत्त्याचा एस्प्लनेड. येथूनच १९०२ साली विजेची पहिली ट्राम खिदिरपूरकडे गेली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली भुयारी रेल्वेही येथूनच धावली. चौकातून मान वर केली की ऑक्टरलोनीचा मनोरा दिसतो. तो १८२८ चा. १९६९ पासून त्याचे नाव शहीद मिनार. ज्या पराक्रमांसाठी ऑक्टरलोनीचे हे स्मारक उभारले गेले, त्यांत १८०४ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून त्याने राखलेली दिल्ली हाही एक होता, ही गोष्ट मराठी प्रवाशाच्या सहसा ध्यानी येत नाही.

शहर पायी हिंडवून दाखविणाऱ्या मंडळींना हा चौक सोयीचा. राजभवन, टिपू सुलतानाच्या मुलाने १८४२ मध्ये बांधलेली मशीद, चौरंगीवरची जुनी हॉटेले, अशी ठिकाणे दाखवीत वाटाड्या पुढे चालतो आणि मागून पाहुण्यांचा घोळका येतो. परंतु शहराच्या पोटात आणखी एक शहर असते, आणि त्याची फेरी करण्याची प्रथा काही देशांत चांगलीच रुजली आहे. अमेरिकेतील शिकागो येथे दारूबंदीच्या काळातील गुंडांच्या जागा दाखविणाऱ्या फेऱ्या निघतात. अल कपोन कोठे बसत असे, कोणत्या फुलांच्या दुकानात कोणाचा खून झाला, हे वाटाड्या रंगवून सांगतो. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या, ती जागाही दाखवितात. पण तेथे आज हिरवळीपलीकडे काही नाही. गॅरेज १९६७ मध्ये पाडले गेले आणि त्या भिंतीच्या विटा एका हौशी गृहस्थाने विकत घेतल्या. गुन्ह्याच्या विटांनाही गिऱ्हाईक मिळते, हे बाजाराच्या दृष्टीने ठीकच आहे.

या फेऱ्यांत माणसे दाखवितात. ज्या कागदाने ती माणसे घडविली तो कागद दाखवीत नाहीत. अमेरिकेची दारूबंदी १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी संपली. तिने दारू गाळणे, विकणे आणि वाहून नेणे हे गुन्हे ठरविले. पिणे हा गुन्हा ठरविला नाही. म्हणजे गिऱ्हाईक कायदेशीर आणि दुकानदार बेकायदा, अशी अपूर्व व्यवस्था झाली. पैसा वाहत राहिला, पण करार मोडला तर कोर्टात जाण्याची सोय नाही. मग वसुली करावयास पिस्तूल आले. एकोणीस-वीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कमध्ये क्षुल्लक कामे करणारा कपोन पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी शिकागोतल्या एका साम्राज्याचा धनी झाला, त्याचे मूळ या व्यवस्थेत होते. शेवटी १९३१ मध्ये त्याला शिक्षा झाली ती खुनाबद्दल नव्हे, दारूबद्दलही नव्हे, प्राप्तिकर बुडविल्याबद्दल. हिशेबनिसांनी गाठलेला तो बहुधा जगातील सर्वांत प्रसिद्ध गुंड असावा.

त्याच दशकातील कलकत्त्याची अशी फेरी आखावयाची झाली, तर ती एस्प्लनेडवरून निघेल आणि निघताच अडखळेल. कारण त्या काळी या चौकात दारू उघड मिळत होती. बंदराचे गाव, खलाशांच्या गुत्त्यांची येथे अठराव्या शतकापासूनची परंपरा. लालबाजारात आज जेथे पोलीस कचेरी आहे, त्याच भागात कंपनीच्या अमदानीत हार्मोनिक टॅव्हर्न नावाचे साहेबलोकांचे नामांकित मद्यगृह होते. पुढे चौरंगीवर फिर्पोचे उपाहारगृह आले, आणि धरमतळ्याजवळच्या गल्लीत लोक 'छोटा ब्रिस्टल' म्हणतात ते साधे, गर्दीचे मद्यालय तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. ज्या वर्षी शिकागोत सात माणसे भिंतीशी उभी केली गेली, त्या वर्षी एस्प्लनेडवर कोणीही सभ्य गृहस्थ दिव्याच्या उजेडात, पावती घेऊन, पेला रिचवू शकत होता. त्या काळी बंगालची अबकारी सरकारच्या जमेची एक मोठी बाब होती आणि सरकारने ती कधी सोडली नाही. तेव्हा दारूचा कपोन येथे उत्पन्न होण्याचे कारणच नव्हते. (बंदी नसली म्हणजे विषारी दारूही नसते, असे मात्र कोणी समजू नये. कलकत्त्याच्या दक्षिणेस संग्रामपूर येथे डिसेंबर २०११ मध्ये चोरट्या दारूने १७० हून अधिक गरीब माणसे मेली. कर चुकविलेली दारू हीदेखील एक प्रकारची बंदीतली दारूच असते. गरिबाच्या खिशापुरती बंदी.)

दारूबंदीने काय घडते हे पाहावयास कलकत्ता सोडून क्षणभर मुंबईस यावे लागते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री. तीन महिन्यांत मंत्रिमंडळ गेले आणि तो प्रयोग विस्कटला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सर्व राज्य कोरडे झाले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गिरणीतला मजूर पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून रिकाम्या खिशाने घरी येत होता आणि त्याची बायको ते भोगीत होती. परंतु मुंबईच्या कायद्याने अमेरिकेच्याही पुढे जाऊन पिणे हाच गुन्हा ठरविला, आणि त्याच वेळी ज्याला वैद्याचा दाखला मिळेल त्याला परवाना ठेवला. सुखवस्तू माणसाची प्रकृती एकाएकी नाजूक झाली. मजुराला दाखला देणारा डॉक्टर परवडत नव्हता. तो नवटाकाकडे वळला. नवटाक हे खरे तर माप, पावशेराचे अर्धे. त्या वर्षांत ते एका द्रव्याचे नाव झाले. सडका गूळ, नवसागर आणि पत्र्याचे पिंप. खाडीकाठच्या तिवरांत भट्ट्या पेटल्या, मोटारीच्या टायरमधल्या ट्यूबांतून माल शहरात आला आणि धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील लहानशा घरांत 'आंटी' गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या. या आंटी बहुधा गोव्याकडील ख्रिस्ती बाया होत्या. कोणाचा नवरा बोटीवर, कोणाचा देवाघरी. त्यांच्या बाकावर बसून उकडलेले अंडे आणि नवटाक घेणाऱ्यांत कारकून, कवी आणि पोलीसही असत, अशी साक्ष त्या काळच्या मराठी-इंग्रजी लेखनातून मिळते.

आंटी गुंड नव्हती. तिच्यामागे जो माल पुरविणारा होता, आणि त्याच्याही मागे जो पोलिसांचा हप्ता बांधून देणारा होता, तो मोठा होत गेला. बोरीबंदर स्थानकावर ओझी उचलणारा वरदराजन मुदलियार पुढे शहरातल्या चोरट्या दारूचा सूत्रधार झाला. दारूबंदी १९६३ नंतर सैल होत गेली आणि १९७० च्या दशकात जवळजवळ नावापुरती उरली, परंतु टोळ्यांनी दुकान बंद केले नाही. सोने, जागा, खंडणी असे नवे धंदे त्यांच्या हाती आले. शिकागोतही बंदी उठल्यावर हेच झाले होते.

आता पुन्हा एस्प्लनेडवर. दारू उघड असलेल्या या शहरातही दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टोळ्या होत्या, चोरटा माल होता, मारामाऱ्या होत्या. मग त्यांचा माल कोणता? विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोकेनचे व्यसन पसरले. जर्मनीत आणि पुढे जपानात तयार होणारी ही पांढरी पूड कलकत्त्यात विड्यातून खात. पान, चुना आणि चिमूटभर पूड. त्यासाठी सुई नको, चिलीम नको, गुत्ताही नको. सरकारने तिच्या विक्रीवर निर्बंध घातले, आणि निर्बंध घातल्याबरोबर तिची किंमत चढली. दारूचे पिंप लपवावयास खाडी लागते. कोकेनची पुडी मुठीत मावते. बोटीवरचा खलाशी ती किनाऱ्यावर आणी, तेथून ती हातोहात पानवाल्यापर्यंत जाई, आणि या साखळीच्या प्रत्येक कडीला राखणदार लागे. कपोनचे शिकागोतले कार्य कलकत्त्यात या पुडीने केले, फक्त तिच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

एस्प्लनेडवरून उत्तरेस बेंटिंक स्ट्रीट निघतो. लालबाजारपर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर. जुने नाव कसाईटोला. पुढे चिनी चांभारांची बुटांची दुकाने येथे ओळीने लागली. वाटाडा बहुधा बुटांविषयी आणि पलीकडच्या टिरेट्टा बाजारातील चिनी वस्तीविषयी बोलेल, अफूच्या अड्ड्यांची एखादी गोष्ट सांगेल. पण या रस्त्याला ज्याचे नाव आहे त्या बेंटिंकाच्या कारकीर्दीत ठगांचा बंदोबस्त सुरू झाला, आणि त्यातून १८३६ चा ३० वा कायदा निघाला. त्या कायद्याने एक नवी गोष्ट केली. अमक्याने अमक्या दिवशी अमक्याचा गळा आवळला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता, कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. ठगांचे क्रौर्य खोटे नव्हते आणि वाटसरूंचे मुडदे विहिरींत सापडत होते हेही खरे. तथापि कृत्याला शिक्षा करणे आणि नावाला शिक्षा करणे यांच्यामधली रेघ त्या दिवशी पुसट झाली. एकदा पुसली गेलेली ही रेघ पुन्हा ठळक करावयास सव्वाशे वर्षे लागली. मध्यंतरी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि नाव टोळीलाच नव्हे, तर पाळण्यातल्या मुलालाही चिकटले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्याच कायद्याची आपल्याकडची खूण. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला; त्या जमाती स्वतःला विमुक्त म्हणवितात ते तेव्हापासून.

रस्ता संपतो तेथे लालबाजार. जॉन पामर या बड्या व्यापाऱ्याचे एके काळचे घर जेथे होते, तेथे पोलीस कमिशनरची कचेरी आली. याच कचेरीसाठी १९२३ सालचा बंगालचा पहिला कायदा झाला: गुंडांचा कायदा. त्याच वर्षी चार्ल्स टेगार्ट हे कमिशनर झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. टेगार्ट यांचे नाव बंगालच्या क्रांतिकारकांच्या इतिहासात वारंवार येते. जानेवारी १९२४ मध्ये गोपीनाथ साहाने त्यांना मारावयाचे म्हणून चुकून अर्नेस्ट डे नावाच्या दुसऱ्याच इंग्रजाला गोळी घातली. ऑगस्ट १९३० मध्ये त्यांच्या मोटारीवर बॉम्ब पडला आणि ते वाचले. या कचेरीत त्या काळी दोन प्रकारच्या माणसांची कागदपत्रे शेजारी शेजारी वाढत होती. एक देशासाठी मरावयास निघालेली, दुसरी पोटासाठी मारावयास निघालेली. दोघांनाही उघड न्यायालयात उभे करण्याची कटकट नको, अशी सोय कायद्याने केली. फक्त कायदे निराळे होते.

गुंडांच्या कायद्यामागचे कारण पोलिसांनी स्पष्ट मांडले होते. बडाबाजारात व्यापाऱ्याला भर रस्त्यात लुबाडले जाते, पाहणारे शंभर असतात, आणि साक्षीला एकही येत नाही. आला तर दुसऱ्या दिवशी त्याचे दुकान राहात नाही. ही अडचण खरी होती. ज्याने कधी एखाद्या ठाण्याचा कारभार जवळून पाहिला आहे, तो तिला बहाणा म्हणणार नाही. उपाय असा काढला की साक्षीदारांना उघड न आणता कमिशनरने माहिती गोळा करावी, ती न्यायखात्यातील अनुभवी दोघा जणांनी तपासावी, आणि सरकारने त्या इसमास हुकूम द्यावा: अमुक मुदतीत कलकत्ता आणि भोवतालचा मुलूख सोड, आणि अमुक काळपर्यंत परत येऊ नकोस. परत आलास तर तुरुंग.

मराठीत या शिक्षेला तडीपार असा नेमका शब्द आहे. तड म्हणजे काठ. नदीच्या त्या काठाला पोहोचविले की गाव मोकळे. शब्दातच शासनाची सारी विचारसरणी आहे. माणूस सुधारला काय, बिघडला काय, तो आपल्या काठावर नाही एवढे पुरे. कलकत्त्याच्या पश्चिमेस हुगळी आणि तिच्या पलीकडे हावडा स्थानक, तेव्हा तेथे तर हा शब्द अक्षरशः लागू पडला.

आणि गुंड म्हणजे कोण? कायद्याने सांगितले की, या संज्ञेत हूलिगन अथवा अन्य आडदांड इसम यांचा समावेश होतो. आडदांड कोण, हे ठरविण्याची मोजपट्टी दिली नाही. मराठीत गुंडा म्हणजे वाटोळा धोंडा असाही एक अर्थ आहे. उतारावरून सुटला की कोणाला लागेल ते सांगता येत नाही. व्याख्या म्हणून हा अर्थ कायद्याच्या व्याख्येपेक्षा फारसा वाईट नाही.

सुरंजन दास आणि जयंतकुमार राय या इतिहासकारांनी लालबाजारच्या या गुंडांच्या फायली पुढे अभ्यासल्या. फाईल कशी असते हे सरकारी माणसाला सांगावयास नको. नाव, बापाचे नाव, मूळ गाव, अंगावरच्या खुणा, संगत, सवयी. शिकागोच्या गुंडाचे चरित्र वर्तमानपत्रांनी लिहिले. कलकत्त्याच्या गुंडाचे चरित्र हवालदाराने लिहिले, आणि ते छापण्यासाठी लिहिले नव्हते. म्हणून त्यात भपका नाही. सरकारच्या आणि शहरातील प्रतिष्ठितांच्या बोलण्यात हे गुंड मुख्यतः 'वरच्या मुलखातले', म्हणजे बिहार-संयुक्तप्रांताकडून आलेले. ते का आले होते? ताग गिरण्यांसाठी, गोदीसाठी, हातगाडीसाठी, आणि बडाबाजारातल्या पेढ्यांच्या दारावर काठी घेऊन उभे राहण्यासाठी. जो शेठजी गुंडांपासून संरक्षण मागत होता, त्याच्याच देवडीवर गुंडाचा गाववाला दरवान म्हणून उभा होता. मनगट एकच, नोकरी असली की दरवान, सुटली की गुंड. परप्रांतीय असल्यामुळे घालवून द्यावयास जागा आयती होती: तुझ्या गावी जा. गावी जमीन असती तर तो आला कशाला असता, हा प्रश्न हुकुमाच्या छापील नमुन्यात बसत नव्हता.

येथे मराठी माणसाने थोडे थांबावे. कलकत्त्याला बाहेरच्या आडदांड माणसांची पहिली मोठी धास्ती वाटली ती १७४२ मध्ये, आणि ती आपली होती. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालात उतरले. आपल्याकडे बारगीर हा लष्करी हिशेबातला एक साधा शब्द; ज्याचे घोडे सरकारचे तो बारगीर, ज्याचे स्वतःचे तो शिलेदार. बंगालीत त्याचा बर्गी झाला आणि मुलांना निजविताना घ्यावयाचे भीतीचे नाव होऊन बसला. आपल्या बखरींत जी मुलूखगिरी, ती तिकडच्या ओवीत लूट. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला. बर्गी शहरापर्यंत आले नाहीत आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्कररामांना भेटीस बोलावून ठार केल्यावर काम तसेच राहिले. अर्धवट राहिलेल्या त्या खंदकाला मराठा खंदक हे नाव मिळाले. खंदकाने काही अडले नाही. पण आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरविण्याची शहराची सवय तेथपासूनची म्हणावी लागेल.

हुकुमांचा उपयोग किती झाला? १९२६ च्या एप्रिलात कलकत्त्यात हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला आणि पोलिसांनी पुष्कळांना याच कायद्याखाली बाहेर काढले. परंतु ज्या वाटेने माणसे कलकत्त्यास येत होती ती वाट वाहतीच होती. १६ ऑगस्ट १९४६ रोजी, कायद्यास तेवीस वर्षे झाली असताना, एस्प्लनेडजवळच्या त्याच ऑक्टरलोनी मनोऱ्याच्या पायथ्याशी प्रचंड सभा भरली. सभा भरण्यापूर्वीच शहरात हाणामारी सुरू झाली होती; ती पांगल्यावर कत्तल उसळली. पुढच्या चार दिवसांत मेलेल्यांचा आकडा चार हजारांच्या आसपास धरतात. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांतून जे पुढे झाले, त्यांपैकी कित्येकांना पोलीस आधीपासून ओळखत होते. काल ज्यांना गुंड म्हणत होते त्यांना त्या आठवड्यात आपापल्या गल्लीत रक्षणकर्ते म्हणू लागले. बहूबाजार भागातील मटणाचे दुकानदार गोपाळ मुखर्जी, ज्यांना लोक गोपाळ पाठा म्हणत, त्यांचे नाव आजही तिकडे निघते आणि निघाले की वाद होतो: काही घरांतून कृतज्ञतेने, काही घरांतून भयाने. फायलीतला शेरा बदलला नव्हता. शहर बदलले होते.

त्याच १९४६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडानेही आपला गुंडांचा कायदा केला. राजधानी नागपूर, म्हणजे बर्गी जेथून निघाले तेथेच हा कागद जन्मला, हा योगायोग. कलकत्त्याप्रमाणेच येथेही व्याख्येत काही प्रकारच्या माणसांचा 'समावेश' केला होता. हा कायदा पुढे मध्य प्रदेशात चालू राहिला. तेथल्या एका इसमाला जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम झाला. त्याने राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचा आधार घेतला: देशात कोठेही हिंडण्याचा आणि राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर १९६० मध्ये निकाल लागला. तो देणारे न्यायमूर्ती साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

निकालातला मुद्दा वरवर पाहता अगदी बारीक आहे. समाजाच्या शांततेसाठी एखाद्याच्या फिरण्यावर निर्बंध घालता येतात, याविषयी न्यायालयाला हरकत नव्हती. मुंबईच्या पोलीस कायद्यातील तडीपारीची तरतूद त्यापूर्वी १९५२ मध्ये न्यायालयाने वैध ठरविली होती. तीत साक्षीदारांची नावे गुप्त राहिली, तरी आरोपांचे साधारण स्वरूप त्या इसमास कळवावे लागे आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागे. नागपूरच्या कायद्यात अमका इसम गुंड आहे हे प्रथम ठरविले पाहिजे, असे कोठे म्हटलेच नव्हते. गुंड ओळखण्याची कसोटी दिली नव्हती. आणि 'मी गुंड नाही' एवढे सांगण्याची संधीही त्याला ठेवली नव्हती. तो धोक्याचा आहे काय, यावर तो बोलू शकत होता. नावावर बोलू शकत नव्हता. न्यायालयाने तो कायदा घटनाविरोधी ठरविला.

अमेरिकेने वस्तूवर बंदी घातली आणि तेरा वर्षांनी उठविली. चूक पुसता आली, कारण वस्तू बोलत नाही आणि तिला गावही नसते. माणसावर घातलेली बंदी अशी पुसता येत नाही. कलकत्त्याहून १९२६ मध्ये घालवून दिलेला हातगाडीवाला खरोखर लुटारू होता की कोणा मुकादमाशी भांडलेला मजूर होता, हे त्याच्या फायलीवरून ठरविणे कठीण आहे, कारण त्या फायलीत त्याचे स्वतःचे म्हणणे फारसे सापडावयाचे नाही. आणि तो खरोखर लुटारू असेल, तर ज्या व्यापाऱ्याचा त्याने हात मोडला त्याचे म्हणणेही तेथे नाही, कारण तोही भीतीने पुढे आला नव्हता. लालबाजारच्या त्या कपाटात दोन गप्प माणसांमधला मजकूर आहे.

फेरीचे शेवटचे ठिकाण लालबाजारच्या बरेच पुढे, ईशान्येस आहे. वाहनाने आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर जावे लागते. तेथे कोलकाता पोलिसांचे संग्रहालय आहे. राजा राममोहन राय यांचे एके काळचे घर म्हणून ती वास्तू ओळखली जाते. आत क्रांतिकारकांपासून जप्त केलेली पिस्तुले आणि किंग्जफोर्डसाहेबांना मारण्यासाठी पोकळ पुस्तकात बसवून पाठविलेला बॉम्ब ठेवला आहे. एके काळी ज्यांचा माग काढला त्यांच्या वस्तू आज पोलीसच जपून दाखवितात. बाहेरच्या रस्त्याचे जुने नाव अप्पर सर्क्युलर रोड. मराठा खंदक बुजवून १७९९ साली हा रस्ता केला, आणि दाराशी थांबणारी बस त्या खंदकाच्याच अंगाने पुढे जाते.